व्हेंटिलेटर आणि फुफ्फुसातला दाब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूत नव्याने रुजू झालेले रेसिडेंट, नाइट ड्युटीच्या सिस्टर आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक, या तिघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे दाब सेंटिमीटर पाण्यात दिले आहेत, बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरून. मजकूर मोठ्या माणसांपुरता आहे, नवजात बाळांचं गणित वेगळं असतं. नातेवाइकांनी पहिले तीन प्रश्न वाचले तरी पुरे. आणि इथले आकडे पाहून कुणी मशीनची बटणं फिरवू नयेत. समोरचा पेशंट आणि तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आधी.

१. आपण घेतो तो श्वास आणि व्हेंटिलेटर देतो तो श्वास, यात फुफ्फुसातल्या दाबाचा फरक काय?

साधा श्वास घेताना डायफ्राम खाली सरकतो, छाती रुंदावते आणि फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीतला, म्हणजे प्लुरातला, दाब उणे ५ वरून उणे ८ च्या आसपास जातो. त्या ओढीने वायुकोशांतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ ने कमी होतो आणि तेवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते. श्वास सोडताना तोच दाब १ ने जास्त होतो. निरोगी माणसाचा सगळा कारभार एवढ्याशा चढउतारात चालतो.

व्हेंटिलेटर हवा बाहेरून आत ढकलतो. वायुकोशांतला दाब १५, २०, २५ असा शून्याच्या वर जातो. फुगणारं फुफ्फुस छातीच्या भिंतीवर रेटतं, त्यामुळे प्लुरातला दाब साध्या श्वासासारखा खाली न जाता वर चढतो.

फुफ्फुस किती ताणलं जाईल हे मात्र दोन्हीकडे एकाच वजाबाकीने ठरतं : वायुकोशांतला दाब वजा प्लुरातला दाब. याला ट्रान्सपल्मनरी प्रेशर म्हणतात. साध्या श्वासाच्या अखेरीस ते ० वजा उणे ८, म्हणजे ८. ही वजाबाकी लक्षात ठेवा. पुढचे बहुतेक प्रश्न तिच्यापाशीच येऊन थांबतात.

२. कंट्रोल्ड आणि असिस्टेड म्हणजे काय? एसी, एसआयएमव्ही, पीएसव्ही यातलं कोणतं कुठे बसतं?

श्वास कोण सुरू करतं आणि त्यासाठी मेहनत कोण करतं, एवढंच पाहायचं. पेशंट गाढ सेडेशनमध्ये (झोपेच्या औषधावर) किंवा पॅरालाइझ (औषधाने स्नायू शिथिल केलेला) असेल तर श्वास मशीन सुरू करतं, भरतं आणि संपवतं. हे कंट्रोल्ड. पेशंटने थोडी ओढ घेतली, मशीनने ती ओळखली आणि उरलेलं काम उचललं, तर ते असिस्टेड. ओढ ओळखण्यासाठी ट्रिगर असतो. साधारणपणे १ ते २ सेंमीची दाबातली घट किंवा मिनिटाला २ लिटरच्या आसपासचा फ्लो त्याला पुरतो.

एसी, म्हणजे असिस्ट-कंट्रोल मोडमध्ये दोन्ही प्रकार येतात. पेशंटने श्वास मागितला तर असिस्टेड, नाही मागितला तर ठरलेल्या रेटने कंट्रोल्ड. पीएसव्हीत, म्हणजे प्रेशर सपोर्टमध्ये, प्रत्येक श्वास पेशंटचाच, मशीन त्याला ठरलेल्या दाबाचा आधार देतं. फ्लो त्याच्या सर्वोच्च पातळीच्या साधारण २५ टक्क्यांवर आला की मशीन हात काढून घेतं. एसआयएमव्ही हे मिश्रण : ठरलेल्या रेटचे मशीनचे श्वास आणि मधे पेशंटचे स्वतःचे. व्हेंटिलेटर लवकर सुटावा म्हणून ते वापरायची जुनी सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे, पण त्या कामात ते मागे पडलं आहे. मला तरी आता ते लावण्याचं सबळ कारण क्वचितच सापडतं.

मोडच्या नावावर मात्र भरवसा नको. स्क्रीनवर एसी लिहिलंय म्हणून पेशंट कंट्रोल्ड असतोच असं नाही. सेट रेट १६ आणि एकूण रेट २८ दिसत असेल, तर बहुधा सगळेच २८ श्वास पेशंट स्वतः सुरू करतोय.

३. माझे वडील व्हेंटिलेटरवर आहेत. प्रेशरचा अलार्म सारखा वाजतो. त्यांच्या फुफ्फुसाला इजा होते का?

बहुतेक वेळा नाही. खोकला आला, नळी दातांत चावली, कफ साठला, कूस बदलताना पाइप वाकला, की प्रेशर क्षणभर वाढतं आणि अलार्म वाजतो. ठरलेली मर्यादा गाठताच मशीन तो श्वास तिथेच थांबवतं. सिस्टर येऊन सक्शन करतात आणि आवाज बंद होतो. अलार्म वाजतोच राहिला आणि वडील अस्वस्थ, घामाघूम दिसले किंवा मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला, तर लगेच हाक मारा. त्यात संकोच करायचा नाही.

डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा : "आज ते स्वतः किती श्वास घेतायत?" अलार्म किती वेळा वाजला यापेक्षा त्याच्या उत्तरातून तुम्हाला जास्त कळेल.

४. पीक प्रेशर ४० दाखवतंय. फुफ्फुस फुटेल का?

पीक म्हणजे श्वास भरताना नळीत गाठला गेलेला सर्वोच्च दाब. त्यात तीन गोष्टींची बेरीज असते : नळ्यांतून हवा ढकलायला लागणारा दाब, फुफ्फुस आणि छाती फुगवायला लागणारा दाब, आणि आधीपासून असलेला पीप, म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही मशीन राखून ठेवतं तो दाब. पहिला भाग ट्यूब आणि श्वासनलिकांत खर्च होतो. तो वायुकोशांपर्यंत पोचतच नाही.

वेगळं करायचं तर इन्स्पिरेटरी होल्ड करा. श्वास भरला की मशीन अर्धा सेकंद झडप बंद ठेवतं, फ्लो शून्य होतो आणि प्रेशरची रेघ टोकावरून घसरून सपाट होते. ती सपाट पातळी म्हणजे प्लॅटो.

उदाहरण घेऊ. व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) ४२० मिली, फ्लो मिनिटाला ६० लिटर म्हणजे सेकंदाला १ लिटर, पीक ३२, प्लॅटो २२, पीप ८. पीक वजा प्लॅटो १०, म्हणून रेझिस्टन्स १०. प्लॅटो वजा पीप १४, हे ड्रायव्हिंग प्रेशर. ४२० भागिले १४ म्हणजे ३०, हा कंप्लायन्स, म्हणजे १ सेंमी दाबाला किती मिली हवा मावते ते.

आता पीक ४० झालं आणि प्लॅटो २२ च राहिला, तर गडबड नळीत आहे : कफ, ब्रॉन्कोस्पाझम, चावलेली किंवा वाकलेली ट्यूब. दोन्ही आकडे सोबत चढले तर फुफ्फुसात किंवा छातीत शोधा : न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर, प्लुरात शिरलेली हवा), उजव्या ब्रॉन्कसमध्ये सरकलेली ट्यूब, फुफ्फुसात भरलेलं पाणी, कोसळलेला लोब. ४० पाहून आधी व्हॉल्यूम कमी करायला धावू नका. आधी सक्शन कॅथेटर आत जातो का ते पाहा.

५. प्लॅटो ३० च्या आत आहे. म्हणजे सगळं ठीक ना?

बहुतेकदा हो, पण ३० ही काही लक्ष्मणरेषा नाही. प्लॅटोत फुफ्फुस आणि छातीची भिंत दोन्ही आल्या. निरोगी माणसात दोघांचा वाटा साधारण निम्मा-निम्मा असतो. पोटात जलोदराचं पाणी भरलंय, पेशंट खूप स्थूल आहे किंवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पोट टम्म फुगलंय, अशा वेळी छातीच्या भिंतीचा वाटा वाढतो. मग प्लॅटो ३२ असूनही फुफ्फुसावरचा ताण बेताचा असू शकतो. उलट, सडपातळ माणसाच्या कडक झालेल्या फुफ्फुसात प्लॅटो २८ म्हणजे जवळजवळ सगळा भार फुफ्फुसावरच.

ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या तोंडात १५० सेंमीपर्यंत दाब मोजला गेला आहे आणि तरी त्याचं फुफ्फुस शाबूत राहतं. कारण तो दाब त्याचेच स्नायू छाती आवळून तयार करतात. आतला आणि बाहेरचा दाब सोबतच चढतो, त्यामुळे वजाबाकी फारशी बदलत नाही.

ड्रायव्हिंग प्रेशर म्हणूनच जास्त उपयोगी पडतं. एआरडीएसच्या (सुजून, पाणी भरून कडक झालेल्या फुफ्फुसांच्या गंभीर आजाराच्या) जुन्या चाचण्यांतल्या पेशंटची माहिती एकत्र करून २०१५ साली झालेल्या विश्लेषणात मृत्यूशी सर्वांत जवळचा संबंध याच आकड्याचा दिसला. १५ च्या खाली ठेवण्याचा प्रघात तिथूनच रुळला. व्हॉल्यूमही तपासा, त्याचं पुढच्या प्रश्नात. आणि पेशंट स्वतः जोर लावत असेल तर हा प्लॅटो खराच आहे का, ते प्रश्न ९ मध्ये.

६. टायडल व्हॉल्यूम पेशंटच्या वजनावर काढायचा ना?

टायडल व्हॉल्यूम म्हणजे एका श्वासात दिली जाणारी हवा, आणि ती काढायची उंचीवर. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. पुरुषासाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४), बाईसाठी ५० च्या जागी ४५.५. उंची सेंटिमीटरमध्ये धरायची.

पाच फूट उंचीच्या बाईचं हिशोबाचं वजन येतं ४५.५ किलो, मग काट्यावर ती ८० भरो. किलोला ६ मिलीने २७३ मिली. अशा बाईंना "सगळ्यांना ४५०" या सवयीने मशीन लावलं जातं, म्हणजे किलोला जवळपास १० मिली. आपल्याकडे कमी उंचीच्या आयाबायांच्या वाट्याला हे फार येतं. एआरडीएस नेटवर्कच्या २००० सालच्या चाचणीत ८६१ पेशंट होते. किलोला १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. टेप आणा आणि आडव्या पेशंटची टाचेपासून डोक्यापर्यंत उंची मोजा. नातेवाइकांनी सांगितलेली उंची भरवशाची नसते.

७. पेशंट स्वतः श्वास घ्यायला लागला की स्क्रीनवरचं प्रेशर उतरतं. सुधारणा आहे ना?

सगळ्यांत जास्त फसवणारा आकडा हाच. रात्री फोन येतो, "सर, पीक २८ वरून १८ वर आलंय, सेडेशनही कमी केलंय." आकडा खरा असतो. पण तो नळीतल्या दाबाचा असतो.

भरलेली हातगाडी एक जण मागून ढकलतोय आणि दुसरा पुढून दोरीने ओढतोय असं समजा. मागच्याच्या हातावरचा जोर मोजून गाडीवर एकूण किती जोर लागला ते कळत नाही. व्हेंटिलेटर मागून ढकलणारा. पेशंटचा डायफ्राम पुढून ओढणारा, आणि त्याचा आकडा स्क्रीनवर नसतो.

वजाबाकी करून पाहा. सकाळी पेशंट कंट्रोल्ड होता. प्लॅटो २६, प्लुरातला दाब १०. फुफ्फुसावरचा ताण १६. संध्याकाळी तोच पेशंट पीएसव्हीवर जोरात श्वास घेतोय. नळीत १८, पण ओढीमुळे प्लुरात उणे ६. ताण १८ वजा उणे ६, म्हणजे २४. स्क्रीनवर ८ ने कमी, फुफ्फुसावर ८ ने जास्त.

भरीला ही ओढ सगळीकडे सारखी पसरत नाही. आजारी, कडक फुफ्फुसात डायफ्रामजवळच्या पाठीकडच्या भागावर ती सर्वांत जास्त बसते. श्वासाच्या सुरुवातीलाच पुढच्या भागातली हवा मागच्या भागाकडे खेचली जाते. नवीन हवा फारशी आत न येताच तो मागचा भाग ताणला जातो. याला पेंडेलुफ्ट म्हणतात. शिवाय प्लुरातला दाब खाली गेला की केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला मदत होते. पेशंटच्या स्वतःच्या जोराने होणाऱ्या या इजेवर २०१७ पासून बरंच लिहिलं गेलं आहे.

म्हणून पेशंट श्वास घेऊ लागणं वाईट असं मुळीच नाही. हलका, बेताचा जोर हवाच आहे, कारण प्रश्न १२ मध्ये. भीती आहे ती एआरडीएसच्या पहिल्या काही दिवसांतल्या बेभान ओढीची.

८. व्हॉल्यूम मोड आणि प्रेशर मोडमध्ये पेशंटच्या जोराचा परिणाम वेगळा दिसतो का?

हो. व्हॉल्यूम मोडमध्ये हवा आणि तिचा वेग ठरलेला असतो. पेशंट ओढू लागला की प्रेशरच्या रेघेला खळगा पडतो. टोकाशी जायच्या वाटेवर ती पोटात गेल्यासारखी दिसते. व्हॉल्यूम मर्यादेत राहतो ही जमेची बाजू, पण हवेची भूक भागली नाही तर पेशंट एका श्वासावर दुसरा मागतो आणि दोन श्वासांची हवा एकावर एक साठते. स्क्रीनवर ३५० आणि आत ७०० असा प्रकार होतो.

प्रेशर मोडमध्ये, पीएसव्ही धरून, रेघ सपाटच राहते आणि वाढतो तो व्हॉल्यूम. म्हणून प्रेशर मोडवर पहिली नजर व्हॉल्यूमकडे आणि व्हॉल्यूम मोडवर पहिली नजर रेघेच्या आकाराकडे. "प्रेशर कंट्रोल लावलंय, म्हणजे फुफ्फुस सुरक्षित" हे वाक्य पॅरालाइझ पेशंटपुरतं ठीक आहे. श्वास घेणाऱ्या पेशंटला लावलं तर ते चुकीचं ठरतं.

९. पीएसव्हीवर होल्ड केला तर प्लॅटो पीकपेक्षा जास्त आला. मशीन बिघडलंय का?

मशीन ठणठणीत आहे. समजा पीप ८, सपोर्ट १०, म्हणून नळीत १८. होल्ड केला आणि रेघ वर चढून २६ वर सपाट झाली. झडप बंद होताच पेशंटचे स्नायू सैल पडले आणि त्यांनी ओढून आत आणलेल्या हवेचा भार नळीत उमटला. ही वरची ८ म्हणजे पेशंटच्या जोराचा वाटा. खरं ड्रायव्हिंग प्रेशर १० नव्हे, १८.

फार कमी लोक ही चाचणी करतात आणि तिला एक पैसाही लागत नाही. अट एकच : होल्डच्या काळात रेघ खरंच सपाट व्हायला हवी. ती डुगडुगत राहिली किंवा चढतच गेली, तर पेशंट पोट आवळतोय किंवा पुन्हा श्वास ओढतोय, तो आकडा टाकून द्या. छातीच्या नळीतून हवा सतत गळत असेल तेव्हाही होल्डचा प्लॅटो खोटा कमी येतो.

१०. आमच्याकडे अन्ननलिकेत बसवायचा बलून नाही. पेशंटचा जोर कसा मोजायचा?

बलून बहुतेक ठिकाणी नसतो. अन्ननलिकेतल्या दाबावरून प्लुरातल्या दाबाचा अंदाज घेणं ही चांगली पद्धत आहे, पण तिच्यावाचून अडत नाही.

पांघरूण बाजूला करा आणि मानेकडे पाहा. स्टर्नोमॅस्टॉइड दर श्वासाला ताठ होतोय, कॉलरबोनच्या वर खळगा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, पोट आणि छाती उलटसुलट हलतायत, तर जोर जास्त आहे. मग दोन आकडे पाहा.

पहिला पी०.१. श्वासाच्या पहिल्या दशांश सेकंदात नळी बंद असताना दाब किती घसरतो ते. नवीन मशीन तो स्वतःच दाखवतात. १ च्या खाली असेल तर सपोर्ट बहुधा जास्त झालाय. ४ च्या वर असेल तर मेंदूकडून श्वासाची मागणी जबर आहे.

दुसरा, एक्स्पिरेटरी होल्ड दाबून एका श्वासापुरती नळी बंद ठेवायची आणि पेशंटने दाब किती खाली खेचला ते पाहायचं. त्या घसरणीचा तीन चतुर्थांश म्हणजे अंदाजे स्नायूंचा जोर. दोन तृतीयांश भाग सपोर्टमध्ये मिळवला की फुफ्फुसावरच्या ताणाच्या चढउताराचा अंदाज येतो. सपोर्ट १० आणि घसरण १८ असेल तर १० अधिक १२, म्हणजे २२. हा आकडा १६-१७ च्या वर गेला की मी सावध होतो. बरोबर-चूक अचूक सांगणारी ही चाचणी नाही, पण धोक्याचा पेशंट हाताशी लागतो.

११. पेशंट मशीनशी फाइट करतोय. पॅरालाइझ करावं का?

आधी कारण शोधा. वेदना, भरलेलं मूत्राशय, ताप, कफ, कमी पडणारा फ्लो, चुकीचा ट्रिगर, न्यूमोथोरॅक्स. प्रश्न १८ मधली ॲसिडोसिसही (रक्तात आम्ल साठणं) तपासा. यातलं काही दुरुस्त केल्याशिवाय स्नायू गप्प करणं म्हणजे तक्रारच बंद करणं.

गंभीर एआरडीएसमध्ये मात्र त्याला जागा आहे. फ्रान्समधल्या २०१० च्या चाचणीत ३४० पेशंटपैकी सिसॲट्राक्युरियम ४८ तास दिलेल्यांचं ९० दिवसांचं जगण्याचं प्रमाण, आजाराच्या तीव्रतेचा हिशोब धरल्यावर, चांगलं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १००६ पेशंटच्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. तिथे तुलनेचा गट हलक्या सेडेशनवर होता आणि दोन्हीकडे पीप जास्त ठेवला होता. माझा अर्थ असा : सरसकट नको. खोल सेडेशन देऊनही ओढ थांबत नाही, एकावर एक श्वास साठतायत किंवा पालथं झोपवायचंय, तेव्हा द्या. रोज थांबवून पाहा.

एक फसवं रूप सांगतो. पेशंट गाढ झोपलेला आहे आणि तरी प्रत्येक मशीनच्या श्वासानंतर ठरावीक अंतराने त्याचा डायफ्राम हलतो. हा रिव्हर्स ट्रिगरिंगचा प्रकार असू शकतो. मशीनचा श्वासच पेशंटचा श्वास सुरू करून देतो. सेडेशन वाढवून तो जाईलच असं नाही. बऱ्याचदा कमी करूनच सुटतो.

१२. कंट्रोल्डमध्ये सगळं मोजता येतं, तर पेशंटला तसाच ठेवत का नाही?

कारण डायफ्राम झिजतो. ब्रेनडेड अवयवदात्यांच्या डायफ्रामचे तुकडे तपासलेला २००८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. १८ ते ६९ तास पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या स्नायूचे तंतू स्पष्ट बारीक झालेले दिसले. तीन दिवसांच्या आत.

दुसरं, उताण्या, पॅरालाइझ पेशंटमध्ये पोटाचा भार डायफ्रामच्या मागच्या भागाला वर रेटतो आणि तिथलं फुफ्फुस मिटतं. पेशंटचा हलका जोर ते उघडं ठेवायला मदत करतो. सेडेशनमुळे येणारा भ्रम, अशक्तपणा, रेंगाळणारा मुक्काम हे वेगळंच. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस कडक पहारा, मग लवकरात लवकर बेताच्या जोरावर आणायचं. प्रश्न १० मधले आकडे इथे रोज कामी येतात.

१३. ट्यूब टाकल्याबरोबर बीपी का पडतं?

छातीतला दाब उणेचा अधिक झाला की हातापायांकडून आणि पोटाकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. उजवं हृदय कमी भरतं आणि बीपी उतरतं. पेशंट कोरडा पडलेला असेल, भूल देताना वापरलेल्या औषधाने रक्तवाहिन्या सैलावल्या असतील, किंवा घाईघाईत कुणी अम्बू बॅग जोरजोरात दाबत असेल, तर आणखी. म्हणून ट्यूब टाकण्याआधी सलाइन आणि नॉरॲड्रिनलिन हाताशी ठेवतात.

डाव्या हृदयाला मात्र याचा फायदा होतो. छातीत वाढलेला दाब त्याला रक्त बाहेर ढकलायला मदतच करतो. हार्ट फेल्युअरचा पेशंट सीपॅपवर (मास्कमधून सतत दिलेल्या दाबावर) काही मिनिटांत शांत होतो त्याचं हे एक कारण. उलटा प्रवास करताना काय होतं ते प्रश्न १९ मध्ये.

१४. ऑटो-पीप म्हणजे काय, आणि तो स्क्रीनवर का दिसत नाही?

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेला फुफ्फुसाचा आजार) किंवा दम्यात हवा बाहेर पडायला वेळ लागतो. पूर्ण बाहेर पडण्याआधी पुढचा श्वास आला की उरलेली हवा आत अडकते आणि श्वास संपल्यावरही वायुकोशांत दाब शिल्लक राहतो. झडप उघडी असल्याने मशीनला बाहेरचाच, म्हणजे सेट केलेला पीप दिसतो.

खूण फ्लोच्या रेघेत असते. श्वास सोडतानाची रेघ शून्याला टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतो. आकडा हवा असेल तर एक्स्पिरेटरी होल्ड करा, पण पेशंट शांत असतानाच. ओढणाऱ्या पेशंटमध्ये तो आकडा निरर्थक.

दम्याच्या पेशंटचं बीपी अचानक कोसळलं तर पहिल्यांदा पाइप ट्यूबपासून सोडवा आणि २०-३० सेकंद तसाच ठेवा. फुस्सकन हवा निघून बीपी सावरलं तर दोषी ऑटो-पीप. नाही सावरलं तर न्यूमोथोरॅक्स शोधा. नंतर रेट कमी, व्हॉल्यूम बेताचा, श्वास सोडायला भरपूर वेळ, आणि कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी सहन करा.

१५. सीओपीडीत बाहेरून पीप लावायला सांगता आणि दम्यात नको म्हणता. दोन्हीकडे हवाच अडकलीय ना?

फरक पेशंट श्वास मागतोय की नाही यात आहे. सीओपीडीच्या असिस्टेड पेशंटमध्ये ऑटो-पीप १० आणि सेट पीप ० असेल, तर मशीनला हाक ऐकू येण्याआधी त्याला आतला दाब १० ने खाली आणावा लागतो. अर्धे प्रयत्न वाया जातात. छाती हलते पण मशीन श्वास देत नाही. पीप ७-८ वर नेला की ही चढण कमी होते. ऑटो-पीपच्या ७५-८० टक्क्यांपर्यंत नेलं तर सहसा जास्त हवा अडकत नाही.

पॅरालाइझ केलेल्या दम्याच्या पेशंटला ट्रिगर करायचंच नसतं, त्यामुळे हा फायदा उरत नाही आणि फुगवटा वाढायची भीती राहते. म्हणून तिथे पीप कमीत कमी. तोच दम्याचा पेशंट जागा होऊन श्वास मागू लागला की पहिला नियम लागू.

१६. बायपॅपवर १५/५ होतं. ट्यूब टाकून तेच आकडे व्हेंटिलेटरवर लावले. बरोबर ना?

बहुधा नाही, आणि ही गफलत फार होते. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दोन पातळ्यांचा दाब देणाऱ्या मशीनवर १५ म्हणजे वरचं एकूण प्रेशर, सपोर्ट १०. बहुतेक आयसीयू व्हेंटिलेटरवर प्रेशर सपोर्ट पीपच्या वर मोजतात. तिथे सपोर्ट १५ आणि पीप ५ लावलं तर नळीत २० जातात. आपल्या मशीनची पद्धत एकदा नीट पाहून ठेवा.

मास्कवरचा पेशंटही असिस्टेडच असतो, म्हणून प्रश्न ७ इथेही लागू. कोविडच्या २०२०-२१ च्या लाटांत ऑक्सिजनचा आकडा ९४ दिसतोय म्हणून समाधान मानलं जाई आणि पेशंट मात्र तासन्‌तास खोल, जोरकस श्वास ओढत असे. न्यूमोनियाच्या पेशंटचा मास्कवरचा टायडल व्हॉल्यूम किलोला ९-९.५ मिलीच्या वर सतत राहत असेल, तर मास्क अयशस्वी होण्याची शक्यता बरीच असते.

१७. लोखंडी फुफ्फुस नैसर्गिक पद्धतीने, उणे दाबाने श्वास देत असे. मग ते जास्त सुरक्षित नव्हतं का?

बोस्टनमध्ये १९२८ साली ड्रिंकर आणि शॉ यांनी ती पेटी (रुग्ण मानेपर्यंत आत, आतला दाब उणे करून छाती फुगवणारी) वापरात आणली आणि पोलिओच्या असंख्य रुग्णांना तिने जगवलं. १९५२ च्या साथीत कोपनहेगनला पेट्या पुरेनात. तेव्हा बियॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन हाताने बॅग दाबायला सांगितलं आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे ती दाबली. धन दाबाचं युग तिथून खऱ्या अर्थाने सुरू झालं.

सुरक्षिततेचं उत्तर उंदरांनी दिलं. १९८८ च्या फ्रान्समधल्या प्रयोगात काही उंदरांना जास्त दाबाने मोठे श्वास दिले, काहींना लोखंडी फुफ्फुसासारख्या उणे दाबाने तेवढेच मोठे श्वास, आणि काहींची छाती बांधून जास्त दाब पण छोटे श्वास. पहिल्या दोन्ही गटांत फुफ्फुसात पाणी भरलं. छाती बांधलेल्यांत नाही. दाब धन की ऋण याला महत्त्व नव्हतं. फुफ्फुस किती ताणलं गेलं, यावर सगळं ठरलं.

१८. सपोर्ट १४ वरून ८ केला तरी टायडल व्हॉल्यूम ६५० च. कमी का होत नाही?

कारण व्हॉल्यूम पेशंट ठरवतोय. मशीनने हात आखडला तेवढा त्याने स्वतःचा जोर वाढवला. फुफ्फुसावरचा ताण तोच, थकवा जास्त. एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू आणि आम्लाची तपासणी) काढा. डायबेटिक किटोॲसिडोसिस किंवा किडनी बंद पडल्याने आम्ल साठलं असेल तर मेंदू खोल श्वास मागतच राहणार. तिथे औषध आहे इन्सुलिन किंवा डायलिसिस, सपोर्टचं बटण नव्हे. ताप, वेदना, भीती, यकृताचा विकार हीसुद्धा कारणं असतात.

अशा ॲसिडोटिक पेशंटला घाईने पॅरालाइझ करून रेट १४ वर ठेवणं धोक्याचं. तो मिनिटाला ३० श्वास घेऊन पीएच सावरत होता, तो आधार एका इंजेक्शनने जातो आणि पीएच काही मिनिटांत कोसळतो. कंट्रोल्डवर न्यायचंच असेल तर त्याचा आधीचा मिनिट व्हॉल्यूम पाहून रेट वर ठेवा.

१९. पीएसव्हीवर चाचणी पास झाला, ट्यूब काढली आणि दोन तासांत फुफ्फुसात पाणी भरलं. टी-पीस लावला असता तर आधी कळलं असतं का?

काही पेशंटमध्ये, हो. चाचणी म्हणजे ट्यूब काढण्याआधी पेशंट स्वतः श्वास घेऊ शकतो का ते पाहणं, आणि टी-पीस म्हणजे मशीन सोडून ट्यूबला फक्त ऑक्सिजन लावणं. सपोर्ट आणि पीप असेपर्यंत छातीतला दाब थोडा वर असतो. तो काढला की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. परतणारं रक्त वाढतं, आणि दर श्वासाला छातीतला दाब उणे झाल्याने डाव्या हृदयाला रक्त बाहेर ढकलणं जड जातं. कमकुवत हृदय यात अडकतं. टी-पीसवर हा भार चाचणीतच दिसतो.

म्हणून सगळ्यांना टी-पीस लावायचा का? नाही. स्पेनमधल्या २०१९ च्या मोठ्या चाचणीत ८ च्या सपोर्टवर ३० मिनिटं तपासलेल्यांपैकी ८२.३ टक्के जण यशस्वीपणे सुटले, दोन तास टी-पीसवर तपासलेल्यांपैकी ७४ टक्के. बहुतेकांसाठी सोपी चाचणी पुरते. हृदय कमकुवत असलेले, आधी एकदा ट्यूब परत टाकावी लागलेले आणि अंगात पाणी साठलेले, एवढ्यांना मी टी-पीस किंवा शून्य सपोर्ट, शून्य पीपवर तपासतो, आणि लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) ट्यूब काढायच्या आदल्या रात्रीच सुरू करतो. ट्यूब काढल्यावर अशा पेशंटला सरळ मास्कवर घेतलं की छातीतला दाब एकदम न उतरता हळूहळू उतरतो.